तिसऱ्या लायनरखालचा थेंब

मैनाची ओळख करून द्यायची तर तिच्या झाकणापासून सुरुवात करायला हवी. रेडिएटरचं जुनं पितळी झाकण आहे ते. त्याला मधोमध भोक पाडून तिने सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळून बसवला आहे. पान्यांच्या पिशवीत ते झाकण मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं, एखाद्या बाईने मंगळसूत्र गुंडाळून ठेवावं तसं. "हे काय ग?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाई, हा माहा गळ व्हय."

मैना ढिवरांची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरापासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव. गावाच्या तलावात तिचे वडील इतवारी मासे धरायचे. उन्हाळ्यात तलाव आटला की खोलगट जागेतलं पाणी उपसायला मच्छीमार सोसायटीचं एक डिझेल इंजिन होतं. ते दर दोन दिवसांनी रुसायचं. इतवारी त्याला शिव्या द्यायचे आणि मैना त्याला उघडायची. पुढे ती आयटीआयला गेली, डिझेल मेकॅनिकच्या वर्गात. वर्गात एकवीस मुलगे आणि ही एकटी. आता तिचं वय छत्तीस. गावाबाहेर रस्त्याला लागून तिची पत्र्याची शेड आहे. नवरा अमर मासे घेऊन मूलच्या बाजारात जातो आणि बायको इंजिनं खोलते, यावर गावाने पहिली दोन वर्षं पोटभर हसून घेतलं. मग ज्याचा त्याचा पंप बंद पडू लागला आणि हसू कमी झालं.

पण पंप, फवारणीची मशीन, मळणीयंत्र, फार तर एखादी मोटरसायकल, एवढंच तिच्याकडे यायचं. ट्रॅक्टर कोणी आणत नसे. ट्रॅक्टरला शहराचा मिस्त्रीच लागतो, हे गावात ठरूनच गेलं होतं. ते गेल्या वर्षी जुलैत मोडलं. ते माझ्या गुरांच्या जुन्या कोठ्यात, माझ्या डोळ्यांदेखत मोडलं, म्हणून मी लिहिते आहे. एवढ्या घाईने मी गेल्या कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नाही.

ट्रॅक्टर आमचा. यजमानांनी घेतलेला. ते गेल्यापासून आमची शेती सोमाजी वाट्याने करतात आणि ट्रॅक्टर डोमा चालवतो. डोमा मूळचा आमच्याकडचा बैलांचा माणूस. बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण डोमाच्या लेखी फारसा फरक पडला नाही. शेवटच्या बैलजोडीतल्या एकाचं नाव लाल्या होतं. ट्रॅक्टरही लाल. तेव्हा तोही लाल्याच. चिखलणी आटोपली की डोमा त्याला संध्याकाळी बोडीत, म्हणजे शेततळ्यात, घालायचा आणि तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, बोळा करून चाकं, मडगार्ड, तोंड सगळं घासून काढायचा. आंघोळ झाली की कोठ्यात आणून बांधायचा. बांधायचा म्हणजे चाकामागे दगड लावायचा, पण शब्द तोच.

नऊ जुलैला सोमाजींनी तेलाची पट्टी काढून पाहिली आणि ओरडले. तेल काळं असायचं ते दुधाच्या चहासारखं झालं होतं. तेलात पाणी गेलं म्हणजे इंजिन आतून खरडून जातं, एवढं आता मलाही कळतं.

सोमाजींनी सरळ डोमाला धरलं. "भैताडा, रोज बोडीत बुडवते त्याले! गेलं ना पाणी आत!"

तेल बदललं, आंघोळ बंद झाली. तीन दिवसांनी पट्टी पुन्हा चहासारखी. मग शहरातून मोठा मिस्त्री आला. त्याने पट्टी पाहिली, बोट नाकाशी नेलं, इंजिनावर दोनदा टकटक केलं आणि पंधरा मिनिटांत निकाल दिला. "ब्लॉकला तडा आहे. इंजिन न्यावं लागेल. महिना धरा." मी मंगळवारी दुपारी बारा वाजता ट्रक सांगून ठेवला.

महिना! पऱ्ह्यांना, म्हणजे धानाच्या रोपांना, चोवीस दिवस झाले होते. आठवडाभरात ती उपटून बांधीत, धानाच्या खाचरात, लावली नाहीत तर पिवळी पडून हातची जाणार. आणि चिखल केल्याशिवाय ही लावणी, आमचा रोवणा, होत नाही. आसपासचे सगळे ट्रॅक्टर आपापल्या बांध्यांत रात्रंदिवस गुंतलेले. सोमाजी तीन गावं फिरून आले, एकही मोकळा नव्हता.

चौदा तारखेला, रविवारी दुपारी, मैना मला मासे द्यायला आली. कोठ्याशी थबकली. घमेल्यात काढून ठेवलेलं ते तेल तिने पाहिलं आणि माशांची पिशवी माझ्या हातात न देता तशीच खुंटीला लटकवली.

"सोमाजीभाऊ, हे कवापासून?"

सोमाजींनी सगळं सांगितलं. ब्लॉकचा तडाही सांगितला.

"इंजिन खोलून पाह्यलं का त्यानं?"

"नाई."

"मंग तडा दिसला कसा? सपनात?"

"अवो मैना, मोटारपंप नोय हा," सोमाजी म्हणाले. "ट्रॅक्टर हाये."

"व्हय ना भाऊ. म्हणून तं पाण्याले लपाले जागा जास्त हाये." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, मंगळवारी ट्रक येऊन राह्यला ना? तवापर्यंत मले द्या. नाई सापडलं तं मीच तुमच्यासंगं ट्रकमध्ये चढवून देते."

मी सोमाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "बाई, हिनं खोललं आन् जोडता नाई आलं, तं तो मिस्त्री हातबी नाई लावाचा. यंदाचा रोवणा गेला समजा."

ते खरं होतं. आणि मैनाला ते आमच्याहून चांगलं कळत होतं. रोवणा तिच्यामुळे बुडाला असं एकदा झालं की ट्रॅक्टर सोडाच, लोकांनी पंपही तिच्याकडे नेला नसता. तरी ती जागची हलली नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगता येत नाही. पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्यापेक्षा मंगळवारपर्यंत वेळ मागणारी मला बरी वाटली असावी.

तिने मला जमिनीवर काडीने चित्र काढून समजावलं. इंजिन थंड राहावं म्हणून त्याच्या अंगात पाणी फिरतं आणि झिजू नये म्हणून तेल. दोघं शेजारी, पण भेटायचे नाहीत. पाणी तेलाकडे जायला वाटा तीन. वरून, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याच्या जोडातल्या गॅसकेटमधून. मधून, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याला, तडा असेल तर. किंवा खालून. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याला लायनर म्हणतात. त्याच्या बुडाशी रबराची रिंग असते. ती गेली तर. "वरचं आन् खालचं मी करू शकते," ती म्हणाली. "मधलं असन तं ट्रक."

"आणि चौथी वाट? बोडीचं पाणी?"

"ते पह्यले पाहू. आतलं पाणी का बाहेरचं, हेच ठरलं नाई अजून." तिने डोमाला विचारलं, "डोमाभाऊ, रेडिएटरमंधलं पाणी कमी होते का?"

"थेंबभर नाई," डोमा छातीठोकपणे म्हणाला. "कवाही झाकण खोल, काठोकाठ."

मैनाचा चेहरा जरा उतरला. पाणी आतून जात असेल तर रेडिएटर उतरायलाच हवा. तरी तिने रेडिएटर भरला, पाण्याच्या पातळीवर आतल्या जाळीला लाल दोरा बांधला, झाकण लावलं. तेल नवं ओतलं. "आता उद्या सकाळपर्यंत याले कोणी चालू कराचं नाई. हलवाचंबी नाई."

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही सगळे कोठ्यात. मी चहासुद्धा घेतला नव्हता. मैनाने आधी खाली शिरून तेलाच्या टाकीचा बोल्ट अलगद सैल केला. तेल हलकं, पाणी जड. रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिला म्हणजे पाणी तळाशी बसतं, आणि बोल्ट उघडला की आधी तेच येतं. आणि आलं! स्वच्छ पाणी, धार लागून. एक लोटाभर पाणी आलं आणि मग तेल सुरू झालं.

"जागचा हालला नाई, बोडीत गेला नाई, आन् पाणी आलं!" मैना खालूनच ओरडली. "आतलंच व्हय! बाई, झाकण खोला, दोरा पाहा!"

मी झाकण उघडलं. दोरा पाण्याला टेकलेला. जसा काल होता तसाच. केसभरही फरक नाही.

मैना बाहेर आली, स्वतः वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. तेलात लोटाभर पाणी आलं, पण रेडिएटरमधून एक थेंब गेला नाही. मग ते आलं कुठून?

सोमाजी हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. डोमाकडे वळून म्हणाले, "खरं सांग. रात्री नेला ना बोडीत?"

"लेकराची आन, नाई नेला."

"मंग पाणी का आभाळातून पडलं?"

मैना मडगार्डवर बसली. मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात मंगळवारच्या ट्रकसाठी कोठ्यासमोरची जागा मोकळी करायला सांगू लागले. तेवढ्यात तिची मान वळली. कोठ्याच्या भिंतीला टेकून डोमाचा पितळी लोटा पालथा घातलेला होता. बैलांच्या वेळचाच. त्याच्याखाली मातीत ओलं गोल वर्तुळ उमटलं होतं.

"डोमाभाऊ," ती अगदी हळू म्हणाली, "लोटा ओला कसा?"

"पाणी पाजलं ना."

"कोणाले?"

"लाल्याले. आनखी कोणाले?" डोमाला प्रश्नच कळेना. "पाटे आलो तं जरा उतरल्यासारखं दिसलं. तुमी म्हणलं चालू करू नका, हलवू नका. पाणी पाजू नका असं कुठी म्हणलं? उपाशी ठेवते का कोणी दारातल्या जनावराले?"

मैना उडी मारून उठली. "किती पाजलं?"

"रोजच्याइतकं. लोटाभर."

"रोज?"

"रोज पाटे एक, सांजच्याले एक. काठोकाठ होयेपर्यंत."

"अवो डोमाभाऊ! मी विचारलं ना काल, पाणी कमी होते का म्हणून? तुमी म्हणलं थेंबभर नाई!"

"मंग कमी कुठी झालं?" डोमा म्हणाला. "पेते तो."

मग मैना जी हसत सुटली, ती मडगार्डला धरून खाली बसली. सोमाजी हसले, मी हसले, शेवटी काय झालं ते न कळता डोमाही हसला. किती दिवस रेडिएटर गळत होता आणि किती दिवस हा माणूस मायेने तो भरत होता, कोण जाणे! लोटाभर पाणी वरून पाजायचं, लोटाभर तेलात उतरायचं, आणि झाकण उघडणाऱ्या प्रत्येकाला रेडिएटर भरलेलाच दिसायचा. मैनाने तेलातून निघालेलं पाणी त्याच लोट्यात ओतून पाहिलं. बरोबर गळ्यापर्यंत आलं.

"बोडीचं पाणी का हो?" तिने विचारलं.

"नाई तं काय! नळाच्या पाण्याले चव नसते."

आता पाणी आतलं हे नक्की झालं. पण वाट कोणती? वरची, मधली की खालची? सगळा प्रश्न आता तेवढ्यावर आला होता, आणि ट्रक यायला एक दिवस उरला होता.

मैनाने ट्रॅक्टरचं तोंड ठोकळ्यांवर चढवलं आणि खालची तेलाची टाकी उतरवली. खालून इंजिन उघडं पडलं. वाकून पाहिलं तर लायनरची तिन्ही गोल बुडं दिसत होती. डिझेलच्या फडक्याने तिने एकेक भाग पुसून कोरडा केला आणि मला हाक मारली. "बाई, तांदळाचं पीठ द्या. बारीक चाळलेलं."

"रांगोळी आहे की घरात. पांढरीशुभ्र."

"नाई नाई! रांगोळी खरखरीत. एक कण राह्यला तं बेअरिंग खाईन. पीठच द्या."

मी पीठ चाळून दिलं. तिने ते मलमलीच्या पुरचुंडीत बांधून लायनरच्या बुडांवर आणि ब्लॉकच्या भिंतींवर थोपटलं. सगळं आतून पांढरं झालं. मग रेडिएटर काठोकाठ भरला आणि फडक्यातून ते झाकण काढलं. झाकण लावलं, व्हॉल्व्हला सायकलचा पंप जोडला आणि पंप डोमाच्या हातात दिला.

"बारा दट्टे. तेरावा नाई."

मग ती पाठीवर झोपून आत शिरली, हातात बॅटरी. सोमाजी एका चाकाशी उकिडवे बसले, मी दुसऱ्या चाकाशी गोणपाटावर. या वयात मी ट्रॅक्टरखाली मान घालून बसेन असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. डोमाने मोठ्याने मोजत बारा दट्टे दिले.

पाच मिनिटं झाली. काही नाही. दहा झाली.

"दिसलं का?" सोमाजी.

"पाण्याकडे पाहत बसणं हा आमच्या जातीचा धंदा हाये भाऊ. उतावळ्याले मासा नाई लागत."

अकरा वाजून चार मिनिटांनी मधल्या भिंतीवर एक ओला डाग उमटला. मलाही दिसला. मधली भिंत! सोमाजींनी कपाळाला हात लावला. मैनाने डागावर बोट फिरवलं, बोटाला बोट चोळलं. "तेल व्हय. वरून ओघळलं." तिने तो पट्टा पुन्हा पुसला, पुन्हा पीठ थोपटलं. "आनखी दोन दट्टे."

आम्ही पुन्हा बघत बसलो. माझी मान अवघडली, पण मी ती हलवली नाही. आणि मग तिसऱ्या लायनरच्या बुडाशी, कडेकडेने, पिठाचा पांढरा रंग करडा झाला. करडी रेघ गोलाकार सरकली. एका जागी फुगली. तिथे मोत्याएवढा थेंब लोंबू लागला, मोठा झाला आणि टपकन मैनाच्या कपाळावर पडला.

"लागला!" ती खालून ओरडली. "तिसरा! खालची रिंग! बाई, ब्लॉक चांगला हाये, भिंत कोरडी हाये, लागला!"

सोमाजी इतक्या झटक्याने उठले की त्यांचं डोकं मडगार्डवर आपटलं.

पण मैनाचं तेवढ्यावर भागत नव्हतं. हेड उतरवून, पिस्टन काढून दुपारी तीनपर्यंत तिने तो लायनर बाहेर ओढला. बुडाची रबराची रिंग चपटी आणि कडक झालेली, एका ठिकाणी चिरलेली. लायनरच्या बाहेरच्या अंगाला वाळवी लागल्यासारखे बारीक खड्डे. "हे बोडीचं पाणी," तिने डोमाला बोटाने दाखवलं. "पेलं त्यानं, पण पचलं नाई." रिंग जिथे बसते ती ब्लॉकची खाच तिने नखाने गोल फिरून तपासली. खाच गुळगुळीत होती. बेअरिंगही अजून चमकत होती. सोमाजी त्याच पावली मोटरसायकलवर चंद्रपूरला गेले आणि सात वाजता नवा लायनर, तिन्ही रिंगा, गॅसकेट आणि रेडिएटरच्या पाण्यात घालायच्या हिरव्या कूलंटचा डबा घेऊन आले. रिंगा साबणाच्या पाण्यात बुडवून कशा बसवतात, हात कसा सरळ ठेवतात, ते सगळं मंगळवारी सकाळी मी पाहिलं.

बारा वाजता ट्रक आला. ड्रायव्हरने कोठ्यात पाहिलं तर अर्धं इंजिन तणसाच्या चटईवर मांडलेलं. "हे असं न्याचं?" त्याने विचारलं.

सोमाजी मैनाकडे बघायला लागले. तिने मान वर केली नाही. ती हेडचे बोल्ट क्रमाने आवळत होती, ओठांत मोजत. सोमाजींनी मला न विचारता त्याला सांगून टाकलं, "न्याचं नाई. वापस जा." आणि मग घसा खाकरून, "आमचा मिस्त्री इथीच हाये."

साडेचारला लाल्या चालू झाला. आधी पांढरा धूर, मग निळसर, मग स्वच्छ. मैनाने अर्धा तास चालवून तेल काढून टाकलं, आत राहिलेली घाण धुऊन निघावी म्हणून. मग नवं भरलं. बुधवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवस चिखलणी. डोमा बांधीत, सोमाजी शेताच्या कडेला धुऱ्यावर आणि मी घरी, पण माझा जीव धुऱ्यावरच. गुरुवारी संध्याकाळी मैना आली. पट्टी काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडकं माझ्यासमोर धरलं. काळं, नितळ तेल. दुधाचा मागमूस नाही. दोराही जिथल्या तिथे, आणि या वेळी लोटा कोरडा होता. तो मी स्वतः पाहून आले होते.

"डोमाभाऊ, दोन दिवस काहीच नाई पाजलं ना?"

"नाई." डोमा कष्टी दिसत होता. "पण मैना, पेत नाई, पेत नाई... नाराज तं नसन ना?"

"पोट भरलं त्याचं. गळत होतं म्हणून पेत होता." मग त्याचं तोंड पाहून तिला राहवलं नाही. "आंघोळ घाला पाहिजे तं. चाकाच्या वर पाणी येऊ देऊ नका. पाजाचं मात्र मले विचारून."

डोमा तणसाचा बोळा करायला तिथून निघालादेखील.

शुक्रवारी आमच्या बांधीत रोवणा लागला. पऱ्हे तीस दिवसांचे, अजून हिरवेगार. मी मुद्दाम चालत रस्त्यापर्यंत गेले. मैनाच्या शेडसमोर एक निळा ट्रॅक्टर उभा होता, पलीकडच्या गावचा. मालक पागोट्याने घाम पुसत तिला सांगत होता, "तेल जरासं पांढरं दिसून राह्यलं. पाणी मात्र बिलकूल कमी नाई होत."

"असं का?" मैना म्हणाली. तिने पिशवीतून फडकं काढलं, उलगडलं आणि ते झाकण हातात घेतलं. "ड्रायव्हर कुठी हाये तुमचा? पह्यले त्याले बोलवा."